'बाइट द बुलेट' म्हणजे नुसतं सोसणं का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी निपाणीचा, बेळगावात हॉस्टेलवर राहून बीकॉम करतोय. गाईडमधे 'बाइट द बुलेट'चा अर्थ 'हाल सोसणे' एवढाच दिलाय. मी वाक्य केलं की माझी आई वीस वर्षं विड्या वळत 'बाइट द बुलेट' करतेय, तर सरांनी त्यावर काट मारली. काय चुकलं?

उत्तर: आधी आईंना माझा नमस्कार सांग. पण सरांचं बरोबर आहे बघ. रोज पाठ मोडेपर्यंत बसायचं, पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हे झालं सोसणं, त्याला 'एन्ड्युअर' म्हण. 'बाइट द बुलेट' म्हणजे टाळत आलेली अवघड गोष्ट मन घट्ट करून करून टाकणं; ते वर्षानुवर्षं चालत नाही, एकदाच होतंय. समज आईंना कंबरेचं ऑपरेशन सांगितलंय, त्या 'दिवाळी होऊदे, मग बघू' करत ढकलतायत आणि एक दिवस स्वतःच म्हणतात, चल, बेळगावला जाऊन करूनच घेऊया. तिथं लिही 'शी बिट द बुलेट'. (भूतकाळात 'बिट', 'बाइटेड' नव्हे, ही चूक खूप पोरं करतात.)

आता हा शब्दप्रयोग आला कुठून? भूल नव्हती तेव्हा ऑपरेशनच्या वेळी जखमी सैनिकाच्या दातात बंदुकीची गोळी द्यायचे, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. भूल आली 1846 नंतर, पण त्याआधीसुद्धा दातात द्यायला चामडं, लाकूड असायचंच की, मग घशात अडकेल अशी गोळी कोण देईल? मला दुसरी हकीकत जास्त पटते. 18 व्या शतकात ब्रिटिश फौजेत नऊ पदरी चाबकाची शिक्षा असायची, त्यावेळी ओरडणं कमीपणाचं म्हणून शिपाई शिशाची गोळी चावत राहायचे, शिसं मऊ, दात रुततात. जो ओरडला त्याला नाइटिंगेल, म्हणजे गाणारा पक्षी म्हणून हिणवायचे. ती शिक्षा 1881 ला बंद झाली, आणि मुंबईत जन्मलेल्या किपलिंग या इंग्रज लेखकानं 1891 मधे हाच शब्दप्रयोग 'धीर धर, भिऊ नको' या अर्थानं लिहिला.

मराठीत 'मन घट्ट करणे' सगळ्यात जवळचं. 'दातओठ खाणे' लिहू नको, तो राग. 'छातीवर दगड ठेवून' चालेल, पण त्यात दुःख जास्त आहे. आपल्याकडं कन्नडमधे 'हल्लु कच्चि' म्हणतात ना, दात आवळून, त्यात दात आहेत खरे, पण तेही सोसण्याकडंच झुकतंय. आणि एक, कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर त्यांना 'बाइट द बुलेट' कधी बोलू नको, फार कोरडं वाटतं.