मोटर रिवाइंडिंगला देण्याआधी कंप्रेसर थांबतानाचा आवाज ऐका

तुमची तक्रार थोडक्यात अशी: घरामागच्या शेडमधला 2 एचपीचा, पट्ट्यावर चालणारा सिंगल फेज कंप्रेसर. सकाळी रिकाम्या टाकीवर बिनतक्रार सुरू होतो, टाकी भरून आपोआप थांबतो. पण स्प्रे गन चालवताना दाब उतरला आणि प्रेशर स्विचने मोटर पुन्हा चालू केली, की ती नुसती घुं घुं करते आणि एमसीबी पडतो. संध्याकाळी हमखास, दुपारी कधी होतं, कधी नाही. मेकॅनिक म्हणतो मोटर रिवाइंड करा.

एवढ्यात करू नका. तुमची मोटर रिकाम्या टाकीपासून पूर्ण दाबापर्यंत हवा भरते, म्हणजे तिच्यात दम आहे. तिला जड जातंय ते भरल्या टाकीवर पुन्हा उठणं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा मोटरच्या बाहेरच सापडतं.

कंप्रेसर थांबतो तेव्हा हेड (पिस्टनच्या वरचा, हवा दाबली जाते तो भाग) आणि टाकी यांच्यामधल्या तांब्याच्या नळीत दाबाची हवा अडकलेली असते. ती सोडून द्यायचं काम अनलोडरचं. प्रेशर स्विचच्या खाली बारीक नळी जोडलेली असते ना, तोच. आणि टाकीतली हवा उलटी हेडकडे येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला असतो. दोघांपैकी एकानेही काम चुकवलं की मोटरला पहिल्याच फेऱ्यात दाबाविरुद्ध पिस्टन ढकलावा लागतो.

म्हणून आधी कान द्या. टाकी भरून मोटर बंद झाली की प्रेशर स्विचपाशी दोन-तीन सेकंद 'फुस्स' असा आवाज येऊन थांबला पाहिजे. आवाज आलाच नाही, तर अनलोडर अडकलाय किंवा त्याची बारीक नळी चोंदलीय. आवाज थांबतच नाही, हवा सुरसुरत राहते आणि टाकीचा काटा उतरत जातो, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. इथे बरेच जण अनलोडर बदलून बसतात, कारण हवा तिथून बाहेर पडताना दिसते. दोष मात्र व्हॉल्व्हचा असतो.

व्हॉल्व्ह खोलताना घाई नको. प्लग काढा, टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा, काटा शून्यावर येऊ द्या आणि कॉक उघडाच ठेवून मग पाना लावा. हा व्हॉल्व्ह थेट टाकीत बसलेला असतो. आत दाब असेल तर तो गोळीसारखा सुटतो. नळीही गार होऊ द्या. आत स्प्रिंग आणि रबराची छोटी चकती मिळेल. चकतीवर गोल खाच पडली असेल किंवा कडेला जळक्या ऑइलचा काळा, कडक थर असेल, तर हवा तिथूनच परत येतेय. थर साबणाच्या पाण्याने काढून सगळं कोरडं करा. पेट्रोल, थिनर, रॉकेल नको: आत राहिलेली वाफ गरम, दाबाच्या हवेत पेट घेऊ शकते. चकती कडक झाली असेल तर सरळ नवीन व्हॉल्व्ह बसवा.

आता संध्याकाळचं कोडं. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 230 ऐवजी 190 व्होल्ट मिळाले तर उठतानाचा जोर साधारण एक-तृतीयांशाने घटतो. दुपारी व्होल्टेज चांगला असताना मोटर हेडमधली अडकलेली हवा कशीबशी ढकलते, संध्याकाळी ढकलू शकत नाही. कधी होतं, कधी नाही, ते यामुळे. माझ्या मते तुमच्याकडे दोन अर्धवट दोष आहेत आणि ते एकत्र आले की कंप्रेसर अडतो.

तुम्ही 20 मीटरच्या एक्स्टेन्शनवर चालवताय असंही लिहिलंय. ती वायर 1 स्क्वेअर मिमीची असेल तर सुरू होतानाच्या 60 अँपियरला त्या वायरमध्येच 40 च्या वर व्होल्ट जातात. 2.5 ची तांब्याची वायर घातली तर 18 च्या आसपास. लांबवर हवा न्यायची असेल तर होज लांब घ्या, वायर नको. जोडणी उघडून मोटरपाशी सुरू होतानाचा व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. नुसत्या सॉकेटवरचा आकडा फसवतो.

एमसीबी 'बी' प्रकारचा असेल तर तो रेटिंगच्या 3 ते 5 पट करंटला तत्काळ पडतो. मोटरसाठी 'सी' हवा, तो 5 ते 10 पटीला पडतो. पण अँपियर वाढवून मोठा एमसीबी घालू नका, भिंतीतली वायर तापेल. आणि मोटर न फिरता घुं घुं करायला लागली की लगेच बंद करा. तशीच धरून ठेवली तर वायंडिंग खरंच जळेल.

एवढं करूनही अडलं, किंवा रिकाम्या टाकीवरही मोटर नुसती घुं घुं करायला लागली, तर स्टार्ट कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग, बघा. तो आधी बल्ब लावून डिस्चार्ज करा, मग मायक्रोफॅरड मोजा. वर छापलेल्यापेक्षा बराच कमी भरला तर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा नवा घाला. तोही ठीक निघाला तर मोटरच्या आतला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्ट कपॅसिटर तोडणारा), आणि वायंडिंगची पाळी सगळ्यात शेवटी.

थांबतानाचा आवाज कसा येतो आणि मोटरपाशी किती व्होल्ट मिळतात, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.