चार वर्षं उभी असलेली मारुती ८०० रत्नागिरीहून पुण्याला चालवत आणता येईल का?

येईल, पण बॅटरी बदलली, स्टार्ट झाली की निघालो असं नका करू. आधी टायर बघा, साइडला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही चांगली दिसली तरी एवढे जुने टायर हायवेला नकोच. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणात तर विचारूच नका, घाट उतरताना तापलं की पेडल सरळ खाली बसतं. जुनं पेट्रोल काढा, कूलंटचे पाइप दाबून बघा, कडक झालेला पाइप आंबा घाटाच्या चढात फुटू शकतो. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा. मग एक-दोन दिवस गावातच फिरवा. इन्शुरन्स, पीयूसी संपलंच असणार, आरसीची तारीख पण बघून घ्या.