आरगॉन कुणाशी जोडला का जात नाही

रबाळे एमआयडीसीत टिग वेल्डिंग, म्हणजे टंगस्टनच्या सळीतून विजेची आर्क पाडून धातू जोडायचं काम, शिकायला लागलायस, तर आधी त्यात जोडावर सोडतात तो आरगॉन वायू नीट समजून घे. नुसता सिलिंडर उघडून कामाला लागू नकोस.

अणूंचा सगळा व्यवहार बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचा. सोडियमकडे तिथे एकच, तो देऊन टाकायला बघतो. क्लोरीनकडे सात, त्याला एक हवाच असतो. आरगॉनकडे आठ, अष्टक पूर्ण. ना काही द्यायचं, ना घ्यायचं. म्हणून वितळलेल्या स्टीलवरही तो स्वस्थ राहतो आणि हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनला जोडापाशी फिरकू देत नाही. हेलियमही असाच स्वस्थ वायू; त्याच्याकडे दोनच इलेक्ट्रॉन, पण त्याची कक्षा दोनातच भरते.

असे वायू कधीच कुणाशी जोडले जात नाहीत, असं मात्र समजू नकोस. १९६२ साली नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने झेनॉन या आरगॉनच्याच कुटुंबातल्या वायूचं संयुग बनवलं. झेनॉनचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून त्यांच्यावरची पकड सैल. मला ही गोष्ट फार आवडते.

आता कामाचं. खाडीकडून वारा सुटला की आरगॉन उडून जातो, जोड काळा पडतो. पंखा बंद कर, आडोसा लाव. आर्क थांबली तरी टॉर्च लगेच उचलू नकोस, टंगस्टन गार होऊ दे. आणि टाकीत उतरून काम असेल तर ऑक्सिजन मोजल्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय उतरायचं नाही. आरगॉन हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. वास नाही, रंग नाही, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.