उष्णतेमुळे वस्तू कशी सरकते याच्या रिड्यूस्ड मॉडेलमध्ये (मोठ्या सिम्युलेशनची छोटी, वेगवान आवृत्ती) तापमान बरोबर येतं पण डिस्प्लेसमेंट (प्रत्येक बिंदू किती सरकला ते) चुकतं, का?

आधी स्नॅपशॉट मॅट्रिक्स (फुल म्हणजे मूळ मोठ्या मॉडेलच्या साठवलेल्या उत्तरांचा तक्ता) बघा, तापमान आणि डिस्प्लेसमेंट दोन्ही एकातच टाकून एसव्हीडी (त्या तक्त्यातले मुख्य पॅटर्न, म्हणजे मोड, काढायची गणिती पद्धत) केलंय का? तापमान शेकड्यात असतं आणि डिस्प्लेसमेंट 0.00001 मीटरच्या आसपास, त्यामुळे 99.99 टक्के एनर्जी (निवडलेल्या मोडमध्ये डेटाचा किती भाग आला त्याचं माप) पकडली असं दिसतं खरं पण ती सगळी तापमानाचीच असते, डिस्प्लेसमेंटचे मोड बेसिसमध्ये (निवडलेल्या मोडच्या संचात) येतच नाहीत. दोघांचे बेसिस वेगवेगळे काढा, मला तरी हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो.

तरी नाही जमलं तर फुल मॉडेलचं सोल्यूशन नुसतं बेसिसवर प्रोजेक्ट करून (त्याच मोडच्या बेरजेत जमेल तितकं जवळ मांडून) एरर बघा. तिथेच मोठी निघाली तर बेसिस कमी पडतोय, अजून स्नॅपशॉट घ्या, आणि छोटी असेल तर थर्मल लोड (तापमानामुळे येणारा भार) रिड्यूस करताना कुठेतरी चुकलंय, रेफरन्स तापमान (ज्या तापमानाला उष्णतेमुळे प्रसरण शून्य धरतात ते) वजा करायचं राहिलं नाही ना तेही बघा.