‘बिग’ की ‘प्रयास’? अनुदानाचा अर्ज लिहिणाऱ्या मुलीला पत्र

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सलाईन-यंत्राच्या अनुदान अर्जाचा मसुदा वाचला, सोबतचा लांबलचक निरोपही. ‘प्रयास’ला आधी अर्ज करू की ‘बिग’ला, की थेट सीड फंडाकडे जाऊ (तिन्ही नवं काही बनवू पाहणाऱ्यांना पैसे देणाऱ्या सरकारी योजना), आणि आयसीएमआरचं, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेचं, काय, असे चार प्रश्न तू एका दमात विचारलेस. गोंधळ समजतो. पण हे चारही प्रश्न नंतरचे आहेत. तुझ्या सगळ्या मसुद्यात असं एकही वाक्य सापडलं नाही, जे उद्या खोटं ठरू शकेल. दुखणं तिथे आहे.

सरकार पहिल्या टप्प्यावर जो पैसा देतं तो एका प्रश्नाचं उत्तर शोधायला देतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येण्याची खरीखुरी शक्यता असावी लागते. एवढं एकच मला सांगायचं आहे. खाली तेच पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाच.

तुझं उपकरण घेऊ. सलाईन संपत आली की सिस्टरला इशारा देणारं यंत्र. ड्रिप चेंबरला, म्हणजे सलाईनच्या नळीतल्या थेंब पडणाऱ्या कुपीला, चिमटा, त्यात इन्फ्रारेड सेन्सर, थेंब मोजायचे, २० थेंबांना १ मिली धरायचं आणि बाटली संपायच्या १० मिनिटं आधी बझर. अर्जात तू लिहिलंस: ‘९९ टक्के अचूकता’. कशाची अचूकता? थेंब मोजण्याची असेल तर मान्य. पण सिस्टरला थेंबांशी कर्तव्य नाही, बाटली कधी संपणार याच्याशी आहे.

आता हिशेब कर. आयव्ही सेटच्या, म्हणजे चेंबरसकट सलाईनच्या नळीच्या, आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ८५३६-४ मध्ये, २० थेंबांचं आकारमान १ मिली, अधिक-उणे ०.१ मिली असं धरलेलं आहे, तेही शुद्ध पाण्यासाठी. म्हणजे सेट अगदी नियमात बसणारा असूनही १० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. ५०० मिलीच्या बाटलीत तू १०,००० थेंब धरलेस. थेंब जरा मोठे पाडणारा सेट लागला तर बाटली साधारण ९,०९० थेंबांतच रिकामी होते. मिनिटाला ४० थेंबांचा वेग असेल तर तुझा बझर २४० व्या मिनिटाला वाजणार आणि सलाईन संपलेली असणार २२७ व्या मिनिटाला. ‘दहा मिनिटं आधी’ म्हणणारं यंत्र तेरा मिनिटं उशिरा वाजलं. थेंब थांबल्याचा वेगळा अलार्म आहे म्हणशील, पण तो संपल्यावरचा अलार्म. संपत आल्याचा नव्हे, आणि तुझं सगळं वचन ‘संपत आल्या’चं आहे.

घाबरू नकोस, तुझा खरा प्रश्न इथेच सापडतो: ‘सेट कुठल्याही कंपनीचा असो, द्रव कुठलाही असो, बाटली संपायच्या १० मिनिटं आधीचा इशारा अधिक-उणे ३ मिनिटांत देता येतो का?’ याचं उत्तर आज तुला माहीत नाही. मलाही नाही. नुसत्या थेंबांवर बहुधा ‘नाही’ येईल. मग स्टँडच्या हुकाला लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) लावून वजन घ्यायचं का? त्याचे घोळ वेगळे. रिकाम्या बाटलीचं वजन कंपनीगणिक बदलतं. सिस्टर मधेच बाटलीत इंजेक्शन सोडते आणि वजन वाढतं. पेशंट शौचालयात जाताना नातेवाईक बाटली हुकावरून काढून हातात धरतो. थेंब आणि वजन दोन्ही एकत्र वापरले, पहिल्या शंभरेक मिलीत यंत्राने त्या सेटच्या थेंबाचं माप स्वतःच शिकून घेतलं, तर? हा प्रश्न पैसे मागण्याच्या लायकीचा आहे. ‘ग्रामीण भारतासाठी परवडणारं स्मार्ट उपकरण’ हा प्रश्नच नाही. ती जाहिरात झाली, आणि तपासणाऱ्यांच्या टेबलावर तसल्या जाहिरातींचा ढीग असतो.

प्रश्न एकदा असा लिहिलास की बाकीचा अर्ज त्यातूनच निघतो. माइलस्टोन, म्हणजे कामाचे टप्पे, बघ. तू लिहिलंस: ‘पहिले सहा महिने: प्रोटोटाइप विकसित करणे.’ सहा महिन्यांनी तो विकसित झाला की नाही हे कोण आणि कशावरून ठरवणार? पुढचा हप्ता माइलस्टोन पुरा झाल्यावर सुटतो, म्हणून माइलस्टोन मोजता यायलाच हवा. असं लिही: ३ कंपन्यांचे सेट, ४ द्रव (नॉर्मल सलाईन, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, डीएनएस म्हणजे डेक्स्ट्रोज घातलेली सलाईन, २५ टक्के डेक्स्ट्रोज), ४ वेग (मिनिटाला १०, २०, ४० आणि ८० थेंब), प्रत्येक जोडी ५ वेळा. एकूण २४० फेऱ्या. प्रत्येक फेरीत ५० मिली द्रव ०.०१ ग्रॅम अचूकतेच्या वजनकाट्यावरच्या चंचुपात्रात गोळा करायचा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडायचा. द्रवाची घनता आधी मोजून घे, डेक्स्ट्रोजचा मिली एक ग्रॅमचा नसतो. फरक ५ टक्क्यांच्या आत आला तर पुढे, नाही आला तर रचना बदलायची, आणि ती काय बदलणार हेही आधीच लिहायचं.

बजेटही यातूनच निघतं. मिलीला २० थेंबांचं माप धरलं तर ५० मिली म्हणजे १,००० थेंब. मिनिटाला १० च्या वेगाने १०० मिनिटं, २० ला ५०, ४० ला २५, ८० ला साडेबारा. सगळ्या फेऱ्यांची बेरीज जवळजवळ १८८ तास होते. एका मांडणीवर रोज आठ तास काम केलं तर चोवीस दिवस नुसते थेंब पडताना बघण्यात जातील. म्हणून चार मांडण्या, चार वजनकाटे. दर फेरीला नवा सेट, म्हणजे २४० सेट, फुकट जाणारे धरून २७०. द्रव १२ लिटर, वर थोडा जास्त. आता ‘उपभोग्य वस्तू’च्या रकान्यात तुझ्याकडे कारणासकट आकडा आहे. सध्या तिथे गोल पाच लाख लिहिलेत आणि खाली ‘मिसलेनियस’ म्हणून आणखी दोन. गोल आकडा दिसला की वाचणारा समजतो, हिशेब केलेला नाही. प्लास्टिकचं कव्हर ओतायचा इंजेक्शन मोल्डचा साचा तर काढूनच टाक. उत्तर ‘नाही’ आलं तर त्या साच्याचं काय करशील? या टप्प्याला थ्री-डी प्रिंटचं कव्हर पुरतं. दोन लॅपटॉपही काढ.

इन्फ्रारेडबद्दल एक. खिडकीजवळच्या खाटेवर ऊन थेट चेंबरवर आलं की रिसीव्हर आंधळा होतो. चेंबर अर्ध्याहून जास्त भरलेला असेल, भिंतीला शिंतोडे चिकटले असतील, स्टँड कलला असेल, तरी मोजणी चुकते. वेग फार वाढला की थेंबांची धार होते आणि यंत्र म्हणतं ‘सलाईन बंद’. सेन्सरचा प्रकाश मॉड्युलेट केलास, म्हणजे ठराविक गतीने लुकलुकता ठेवलास, तर उन्हाचा बराच त्रास जातो. हे सगळं ‘जोखीम’ या परिच्छेदात यायला हवं. तिथे तू ‘स्पर्धक येऊ शकतात’ एवढंच लिहिलंस. अगं, स्पर्धक आलेलेच आहेत. थेंब मोजणारी यंत्रं बाजारात मिळतात. त्यांची नावं स्वतःहून घाल आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आहे का ते लिही. नसेल तर तोच तुझा नवेपणा.

आता योजना. प्रश्न टेबलावर सुटणारा आहे की वॉर्डात, यावर योजना ठरते. टेबलावरच्या २४० फेऱ्यांना निधी-प्रयासचे १० लाखांपर्यंतचे पैसे पुरतात, ते प्रयास केंद्रामार्फत मिळतात. वॉर्डात जायचं, विद्युत सुरक्षेच्या चाचण्या करायच्या, माणसं ठेवायची, तर बायरॅकची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था) ‘बिग’: ५० लाखांपर्यंत, १८ महिने. तिचा कॉल, म्हणजे अर्ज मागवण्याची खिडकी, आजवर साधारणपणे १ जानेवारी आणि १ जुलैला उघडत आला आहे. चालू सूचना स्वतः वाचून खात्री कर. अर्ज ‘बिग’ भागीदार संस्थेमार्फत हाताळला जातो. पुण्यात अशी संस्था म्हणजे व्हेंचर सेंटर. कॉल उघडायच्या आधी जाऊन भेट, शेवटच्या आठवड्यात कोणाला वेळ नसतो.

क्रम मात्र महत्त्वाचा. स्टार्टअप इंडिया सीड फंडातून (योजना आज चालू आहे का ते आधी बघ) पडताळणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण केंद्राच्या किंवा राज्याच्या इतर योजनांतून १० लाखांहून जास्त पैसे घेतलेले असतील तर ते दार बंद होतं. म्हणजे ‘बिग’ आधी घेतलीस तर सीड फंडाचं अनुदान गेलं. ‘प्रयास’ आधी घेतलीस तर राहतं. शिवाय सीड फंडाला कंपनी दोन वर्षांच्या आतली लागते, ‘बिग’ला पाच. म्हणून उत्साहाच्या भरात कंपनी नोंदवू नकोस, नोंदवल्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. ‘प्रयास’ आणि ‘बिग’ दोन्हीकडे व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो, इनक्युबेटरशी, म्हणजे नवउद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या संस्थेशी, नातं मात्र हवं.

पेटंटचं. कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावायच्या आधी तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज भर, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. काम कॉलेजच्या लॅबमध्ये झालं असेल तर हक्क कोणाचा याचं पत्र आत्ताच घे. पैसे मंजूर झाल्यावर तेच पत्र मागायला गेलीस की सगळ्यांचे चेहरे बदलतात.

आणि ती मोटार! नळीवरचा प्रवाह कमी-जास्त करणारा रोलर आपोआप आवळणारी मोटार अर्जात कुठून आली? फक्त मोजणारं यंत्र वेगळं आणि प्रवाह बदलणारं वेगळं. मोटार लावलीस की तू इन्फ्यूजन कंट्रोलरच्या गावात शिरलीस: त्यांचं सुरक्षा मानक आयईसी ६०६०१-२-२४ लागू, जोखमीचा वर्ग वर, परवाना राज्याऐवजी केंद्राकडे जाण्याची वेळ. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे वर्ग ए आणि बी राज्याकडे, सी आणि डी केंद्राकडे, आणि इन्फ्यूजन पंप सी मध्ये येतो. मोटारीने तुझा प्रश्न सुटत नाही, दुसरा मोठा प्रश्न उभा राहतो. एका अर्जात एकच. मोटार नसली तरी विद्युत सुरक्षेचं मूळ मानक आयईसी ६०६०१-१, विद्युतचुंबकीय चाचण्यांसाठी ६०६०१-१-२ आणि अलार्मसाठी ६०६०१-१-८ यांचा खर्च आणि वेळ धरायलाच हवा. चाचणीसाठी नमुने बनवायलाही परवाना लागतो: अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३.

डॉक्टरांचं पत्र जोडलंस, छान. पण ‘उपक्रम स्तुत्य आहे, शुभेच्छा’ असल्या पत्राचा उपयोग नाही. पत्रात वॉर्ड कुठला, खाटा किती, रात्रपाळीला सिस्टर किती, नोंदी कोण ठेवणार आणि आचारसमितीची (एथिक्स कमिटीची) बैठक कधी, हे हवं. समिती नोंदणीकृत आहे का ते विचार. तिची मंजुरी आणि सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद पहिला पेशंट घ्यायच्या आधी व्हायला हवी. याला महिने जातात, तुझ्या तक्त्यात दोन आठवडे आहेत. वॉर्डातला प्रश्नही तसाच धारदार लिही: रात्रपाळीत रिकाम्या सापडणाऱ्या बाटल्या कमी होतात का? आधी यंत्राविना मोजायचं, मग यंत्रासह. सिस्टरांनी तिसऱ्या रात्री बझरच बंद करून टाकला तर तेही उत्तरच, लपवायचं नाही.

तू म्हणशील, या माणसाला प्रत्येक पानावर एकच खुसपट दिसतं. दिसतं, आणि त्यावरून माझी टिंगलही होते. पण ‘नाही’ला जागा न ठेवणाऱ्या अर्जाचं पुढे काय होतं ते सांगतो. पैसा मिळाला तर अठराव्या महिन्यात सुंदर कव्हरातलं एक यंत्र तयार होतं, अहवालात ‘यशस्वीरीत्या विकसित’ असं छापलं जातं आणि कपाटाला कुलूप लागतं. ते चालतं की नाही हे कोणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे पुढचा पैसा कोणी देत नाही आणि वॉर्ड ते घेत नाही. हुशार मुलांची उमेदीची वर्षं अशी जातात याची मला चीड येते. त्यापेक्षा माझा हट्ट परवडला.

पैशाची शिस्त थोडक्यात. अनुदानाला वेगळं बँक खातं. त्यावरचं व्याज तुझं नाही, सरकारजमा करायचं. वस्तूगणिक कोटेशनं जपून ठेव, एका रकान्यातले पैसे लेखी परवानगीशिवाय दुसऱ्यात वळवू नकोस, आणि चार्टर्ड अकाउंटंटला पहिल्या महिन्यातच गाठ. पैसा ठरल्या कामावरच खर्चला हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं की हप्ता रखडतो, हप्ता रखडला की तुझा इंजिनिअर नोकरी शोधायला लागतो.

पुढच्या शनिवारपर्यंत मला पूर्ण अर्ज पाठवू नकोस. तो एक प्रश्न दोन ओळींत पाठव, आणि खाली तिसऱ्या ओळीत लिही: कुठला आकडा आला तर उत्तर ‘नाही’ धरायचं. दरम्यान मेडिकलमधून तीन कंपन्यांचे प्रत्येकी पाच सेट आण, स्वयंपाकघरातला नको, कॉलेजच्या रसायनशाळेतला काटा माग, आणि प्रत्येकाचे १०० थेंब नुसते वजन करून बघ. पाकिटावरचा बॅच नंबर दर नोंदीपुढे लिहायचा. पाकीट फाडून टाकलंस तर तो पुन्हा सापडत नाही.