आठवीतला मुलगा वर्गात गप्पच बसतो

प्रश्न: ताई, लातूरहून न्यू जर्सीला आलोय, मुलगा मराठी मीडियमचा, इथे आठवीत घातलाय पण वर्गात तोंडच उघडत नाही. घरी आता इंग्रजीच बोलायचं का?

उत्तर: अजिबात नको! घरी मराठीच बोला, सायन्सचा धडा मराठीत डोक्यात बसला की इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे उरतात. सुरुवातीला काही महिने गप्प राहणं नॉर्मल आहे हो, तो ऐकतोय. मित्रांशी बोलण्यापुरतं इंग्रजी १-२ वर्षांत येतं पण पुस्तकातलं यायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात, म्हणून फाडफाड बोलायला लागला की लगेच ईएसएल (इंग्रजी नवीन असलेल्या मुलांसाठीचे इंग्रजीचे वेगळे तास) बंद करायला सांगू नका. टीचरना म्हणा, "मला वाटतं की... कारण..." अशी अर्धी वाक्यं लिहून द्या, पोरं तेवढ्या आधारावर बोलायला लागतात. गणितात गाडी शाब्दिक उदाहरणात अडते, आकडेमोडीत नाही, हेही सांगा. आणि शाळेची ही मदत म्हणजे उपकार नाहीत, १९७४ साली इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की सगळ्यांना नुसती तीच पुस्तकं दिली म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. मीटिंगला दुभाषा मागा, फुकट द्यावा लागतो त्यांना, मुलालाच भाषांतर करायला बसवू नका.