सॅटिनच्या आधी हात पाहावेत

प्रश्न : मडगावच्या एका जुन्या घरातील दिवाणखान्यात ‘प्रिन्सेस द ब्रॉय’ या फ्रेंच चित्राची छापील प्रत पाहिली. निळे सॅटिन हाताला लागेल इतके खरे वाटते. हात मात्र हाडे नसल्यासारखे दिसतात. ही चित्रकाराची चूक समजावी काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, परंतु ती चूक नव्हे. हे तैलचित्र फ्रेंच चित्रकार अँग्र यांनी १८५१ ते १८५३ या काळात, वयाची सत्तरी उलटल्यावर रंगवले. पोशाख चढवण्यापूर्वी त्यांनी एका मॉडेलला याच पवित्र्यात उभे करून विवस्त्र देहाचे रेखाटन केले होते. त्यामुळे खांदा कोठे संपतो आणि कोपर कोठे वळते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांचा जीव रेषेवर होता. खांद्यापासून बोटांपर्यंत ओघळत येणारी, कोठेही न अडखळणारी रेषा त्यांना हवी होती आणि तिच्यासाठी त्यांनी हाडांचे उंचवटे जाणूनबुजून पुसले. कापड, मोती, पिवळ्या खुर्चीची वेलबुट्टी यांना मात्र अशी सवलत नाही. तेथे कुंचल्याचा फटकारासुद्धा दिसू दिलेला नाही. जड वस्तू खऱ्या आणि देह स्वप्नातला, हीच या चित्राची खरी ओढ आहे, असे मला वाटते.

वरच्या कोपऱ्यातील कुलचिन्ह घराण्याची प्रतिष्ठा सांगते. चित्रातील प्रिन्सेस, पोलिन, स्वतः मात्र लाजऱ्या होत्या, आणि तो संकोच त्यांच्या नजरेत उतरला आहे. १८६० साली, वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी, त्या क्षयाने गेल्या. त्यानंतर पती आल्बेर यांनी हे चित्र पडद्याआड ठेवले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

आपण गोव्यातच राहता, म्हणून आवर्जून सुचवतो : पणजीला फोंताइन्हास भागातील फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांची चित्रे आहेत. मूळचे गोव्याचे असलेले त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तेथेच शिकवू लागले. त्यांनी रंगवलेल्या घरच्या माणसांसमोर थोडा वेळ उभे राहून आधी केवळ हात पाहावेत, आणि मग पुन्हा मडगावच्या त्या छापील प्रतीकडे जावे.